कोच गंगापूर रोडला राहतो

भारतीय फुटबॉल संघाला योग्य कोच मिळत नाही, कारण तो नाशिकला गंगापूर रोडला राहतो आणि महासंघाने त्याला अजून फोन केलेला नाही. स्टिमॅच गेले, मानोलो मार्केझ आले, वर्षभरात तेही गेले, मग खालिद जमील आले. माझा नंबर तोच आहे.

2018 साली सुनील छेत्रीने कळवळून एक व्हिडिओ टाकला होता. मुंबईत अंधेरीच्या मैदानावर आपण चिनी तैपेईला पाच गोल मारले, त्यात तीन त्याचे, आणि बघायला माणसं जेमतेम अडीच हजार. शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या, असं त्याचं म्हणणं. यातली पहिली दोन कामं माझ्याकडून चोख होतात. तिसऱ्याच्या आड कसारा घाट येतो.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर, 14 ऑक्टोबरला, मडगावच्या फातोर्ड्यात सिंगापूरशी आशिया चषकाच्या पात्रतेचा सामना होता. सुरुवातीलाच छांगटेने गोल केला आणि मी सोफ्यावर उभा राहिलो. स्वयंपाकघरातून ‘सोऱ्या दाबायला या’ अशी हाक आली, तेव्हा मी भाजणीचा गोळा घेऊन टीव्हीसमोरच बसलो. मध्यंतराला मिनिटभर असताना सिंगापूरने बरोबरी केली. माझ्या हातची चकली तिसऱ्या वेढ्याला तुटली. उत्तरार्धात त्यांच्या त्याच माणसाने दुसरा घातला.

“मागे कोणी थांबतच नाही!” मी ओरडलो.

“अहो, ते तुमचं ऐकणार नाहीत. सोऱ्या ऐकेल. दाबा.”

1–2. आशिया चषकाला 24 संघ घेतात, त्यातूनही आपण बाहेर. सिंगापूरची लोकसंख्या साधारण 60 लाख. 2011 च्या जनगणनेत एकट्या नाशिक जिल्ह्याची 61 लाख भरली होती. म्हणजे आपण एका जिल्ह्याकडून हरलो. महिन्याभराने ढाक्यात बांगलादेशनेही हरवलं, तेव्हा मी चकलीदेखील खाल्ली नाही. (संपल्या होत्या.)

पण माझा खरा राग वेगळाच आहे. 2022 मध्ये महासंघाने संघाला ‘प्रेरणा’ देण्यासाठी ज्योतिषाचा सल्ला विकत घेतल्याची बातमी आली. आकडा छापून आला 16 लाखांचा. पुढच्या वर्षी असंही उघड झालं, की कोच स्टिमॅच खेळाडूंची नावं ज्योतिषाला पाठवून कोणाचे ग्रह बरे आहेत ते विचारत होते. आणि हा ज्योतिषी दिल्लीचा! अहो, त्र्यंबकेश्वर कशासाठी आहे? देशभरातून लोक कालसर्प शांतीला आमच्याकडे येतात. सामूहिक शांतीत 16 लाखांत राखीव खेळाडू, फिजिओ आणि बस ड्रायव्हरसुद्धा निघाले असते. गोल होतच नसतील तर त्रिपिंडी, पेनल्टी सारख्या आपल्याच विरुद्ध जात असतील तर नारायण नागबळी. तीन दिवस लागतात, पण सराव शिबिराला यापेक्षा जास्त वेळ आपल्या क्लबांनी तरी कधी दिलाय? तुपात भिजलेल्या धोतरात अकरा जण ओळीने बसलेत, गुरुजी बचावफळीला जरा पुढे सरका म्हणतायत आणि ती सरकतेय, हे दृश्य मला स्पष्ट दिसतं.

संघाची पत्रिका तर मी स्वतःच मांडली. 1951 ला दिल्लीत एशियाडचं सुवर्ण. 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले ते तिथेच. 1962 ला जकार्त्यात दक्षिण कोरियाला हरवून पुन्हा सुवर्ण. उघड गुरूची महादशा. नंतर शनी लागला म्हणावं, तर शनीची महादशा 19 वर्षांत संपते. आमची साठी उलटून गेली.

त्या दशेतला गुरू कुठल्या राशीत नव्हता, तो हैदराबादचा एक शिक्षक होता. सय्यद अब्दुल रहीम. जकार्त्यात संघाच्या शेजारी उभे होते तेव्हा त्यांना कर्करोगाने पोखरलं होतं. पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांच्यानंतर एशियाडचं फुटबॉलचं सुवर्ण आपल्याकडे आलेलं नाही. इथे मला विनोद सुचत नाही. सुचतो तो संताप, की निवृत्त झालेल्या छेत्रीला चाळिशीत परत बोलवावं लागलं, कारण गोल मारणारा दुसरा कोणी सापडेना. आमच्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत पाड्यावरून धावत निघाली आणि 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पदक घेऊन आली. पोरांच्या पायात काही कमी नाही. पायाखाली मैदान कुठाय? आमच्या भागातल्या मोकळ्या मैदानावर लग्नसराईत मांडव, दिवाळीत फटाक्यांचे गाळे, उरलेल्या दिवसांत क्रिकेट आणि प्रदर्शन-सेल. फुटबॉलवाली पोरं आमच्या गल्लीत खेळतात, दोन चपला मांडून.

परवा त्यांना उभं करून मी रहीमसाहेबांपासून सुरुवात केली. बचाव कसा रचायचा, मधली फळी कशी बांधायची, चेंडू नसताना कुठे पळायचं, सगळं खडूने रस्त्यावर काढून दाखवलं. पोरांनी मन लावून ऐकलं. सर्वांत धाकट्याने हात वर केला. मी म्हटलं, विचार बाळा.

“काका, तुमची ॲक्टिव्हा काढता का? ती गोलमध्ये लावलीये.”