अंगावरचं कापड सांभाळा

कोल्हापूरला मावशीकडे गेलं की ती आधी पाणी देते, मग बाही धरते. ख्यालीखुशाली विचारता विचारता तिची दोन बोटं आपल्या शर्टाच्या बाहीवर फिरायला लागतात, आंबेवाल्यासमोर उभं राहून आंबा दाबून बघावा तशी.

"कधी घेतलास?"

"गेल्याच्या गेल्या दिवाळीला."

"मग अजून दोन पावसाळं जाईल," असं म्हणून ती बाही सोडते. आपण चहाला बसतो खरे, पण शर्टाची तारीख लागलेली असते.

अशी एक बाई बहुतेक मराठी घराण्यांत असते. कुठे ती आजी असते, कुठे आत्या, कुठे शेजारच्या काकू. पुण्यात ती गोधडी शिवते, मावशीच्या मुलखात वाकळ. लक्षण मात्र एकच. तिला आधी कापड दिसतं आणि मग, वेळ उरला तर, त्याच्या आतला माणूस. लग्नात बाकीच्या बायका नवरीचे दागिने डोळ्यांनी तोलत असतात, तेव्हा ही नवरदेवाच्या आजीच्या विटलेल्या इरकलीवर नजर लावून बसलेली असते. जेवणं होईपर्यंत ती त्या आजीशेजारी जाऊन बसते, आणि संध्याकाळी निघताना दोघींचं काहीतरी ठरलेलं असतं.

मावशीच्या हिशेबी जगात दोनच जाती, सुती आणि बिनसुती. शंका आली की ती कापडाचा एक धागा ओढते आणि देवापुढच्या निरांजनात धरते. कागद जळल्यासारखा वास येऊन राख झाली तर पास. धागा वितळून टोकाला मण्यासारखी गाठ आली तर नापास. एकदा आमचे साहेब महालक्ष्मीच्या दर्शनाला आले होते, त्यांना घेऊन मी मावशीकडे जेवायला गेलो. हे मी करायला नको होतं. साहेबांच्या अंगात अस्सल सुती म्हणून बरेच पैसे मोजून घेतलेला कुर्ता होता आणि त्याच्या शिवणीतून एक धागा लोंबत होता. पुढचं सांगत नाही. निरांजनात मणी झाला एवढं सांगतो. साहेब मटण मात्र पोटभर जेवले. तो कुर्ता नंतर ऑफिसात कधी दिसला नाही.

शाळा चौथीत सुटलेल्या मावशीचं गणित पक्कं आहे. नऊवारी म्हणजे नऊ वार, नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. पावणेसात फुटांचे चार तुकडे. दोन जोडून वरची बाजू, दोन जोडून खालची. एका लुगड्यात दोघांची वाकळ, वर चिंधीसुद्धा उरत नाही. ज्यानं कुणी लुगड्याची लांबी ठरवली त्यानं बायकांच्या अंगाचा विचार केलाच नव्हता, अंथरुणाचाच केला होता, असं तिचं ठाम मत आहे. मग घरात सहावारी आली. अठराचे चार केले की साडेचार फूट. "पाय काय आभाळात ठेवायचं?" सहावारीच्या मागून आले पंजाबी ड्रेस, आणि शेवटी सुनेच्या लेगिंग्ज. दोरीवर वाळत घातलेली लेगिंग एकदा मावशीनं हातात घेऊन ताणली, सोडली, पुन्हा ताणली, आणि काही न बोलता आत निघून गेली. शंभर वर्षांत बायकांचा पोशाख कसा बदलला यावर पंडितांनी काय लिहायचं ते लिहावं. मावशीच्या लेखी ती पांघरूण आखूड होत गेल्याची हकीकत आहे.

वाकळ शिवायची दुपारी, सोप्यात. खालचं कापड अंथरायचं, त्यावर पोटात भरायचे जुने शर्ट, धोतरं, लेंगे उसवून पसरायचे, वर ठिगळांचं कापड. चार कोपऱ्यांवर तीन पाट आणि एक वरवंटा. मग गल्लीतल्या बायका चारी बाजूंनी बसतात आणि काठापासून आत आत धावदोरा घालत येतात. गावातल्या बातम्याही तशाच, काठावरून सुरू होऊन मध्याकडे येतात. काठाशी पाऊस आणि भाजीचे भाव असतात. हातभर आत गेलं की कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलं. बायका एकमेकींना गुडघे लागण्याइतक्या जवळ सरकल्या की आवाज खाली येतो, आणि मग सोप्यातल्या पुरुषानं उठून परसात जावं हे बरं.

उठताना सुयांची मोजदाद होते. माझ्यासमोर एकदा सात निघाल्या होत्या आणि सहाच परत आल्या. मावशीनं दाराची कडी लावली. वाकळ झटकून झाली, पदर झटकून झाले, मध्येच वाकळीवर झोपलेल्या नातवाला उचललं तर त्याच्याबरोबर वाकळही उचलली गेली, कारण त्याची चड्डी कुणीतरी गप्पांच्या भरात सफाईनं शिवून टाकली होती. पण त्यातही सुई नाही. अर्ध्या तासानं ती सापडली खुद्द मावशीच्या मंगळसूत्रात, दोन सेफ्टीपिनांच्या मधोमध. बायका फिदीफिदी हसत घरी गेल्या. मावशी म्हणाली, "मी म्हटलंच हुतं, घरातच हाय."

आमच्या घराण्याची वंशावळ कुठल्या वहीत नाही, त्या वाकळींवर आहे. हिरवा चौकडा आजोबांच्या लुंगीचा. फुलाफुलांचा धाकटीला शाळेत बक्षीस मिळालेल्या परकराचा. कोपऱ्यांना खणाची तिकोनी ठिगळं, ती आजीच्या चोळीची. वाटणीनंतर मावशीचे दोन दीर एकमेकांशी बोलत नाहीत, बांधावर समोरासमोर आले तर एकजण बैलाशी बोलायला लागतो. मावशीनं थोरल्याचं धोतर आणि धाकट्याचा लेंगा एकाच वाकळीत शेजारी शेजारी लावले आणि वर दुहेरी दोरा घातला. "बोलू देत न्हाईतर न बोलू देत. आता उसवून दाखवा म्हणावं."

मावसभाऊ अमेरिकेत असतो. त्यानं एकदा फोनवर तिला गोधड्यांचे फोटो दाखवले. अलाबामात गीज बेंड म्हणून वस्ती आहे, तिथल्या काळ्या शेतकरी बायकांनी जुन्यापान्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लावल्या होत्या, पुढे त्यांची पोस्टाची तिकिटंही निघाली. भाऊ मोठ्या कौतुकानं सांगत होता. मावशीनं चष्मा पुसून फोन जवळ घेतला.

"भिंतीला का टांगल्यात?"

"प्रदर्शन आहे आई. लोक बघायला येतात."

"भिंतीला थंडी वाजती व्हय?"

त्यातली एक गोधडी मिसूरी पेटवे नावाच्या बाईनं नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांतून 1942 साली शिवली होती. ते ऐकल्यावर मावशी गप्प झाली. फोटो बोटांनी मोठा करून फिके झालेले तुकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "सुती हाय." आणि सोप्यात पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या काकांना, उगाचच हाक मारून चहा हवा का विचारलं. अवेळी चहा मिळतोय म्हटल्यावर काका घाबरले.

काकांना घाबरायला कारण आहे. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशेच्या आणि हजारच्या नोटा बंद झाल्याचं टीव्हीवर ऐकलं आणि काकांच्या हातातला घास हातातच राहिला. हजाराची एक नोट त्यांनी मावशीपासून लपवून जुन्या शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली होती, आणि तो शर्ट उन्हाळ्यातच मावशीनं वाकळीच्या पोटात भरला होता. खिसा तपासला नव्हता, कारण तिच्या माहितीप्रमाणे काकांकडे लपवण्याइतके पैसे कधी नव्हतेच.

नोटा बँकेत भरायला 30 डिसेंबरपर्यंत मुदत होती. तेवढे दिवस काका ती वाकळ डॉक्टरनं पोट तपासावं तशी दाबून बघत होते. कान लावत होते. एका जागी कुरकुर लागते म्हणाले, मला बोलावून माझाही कान लावला. मलाही लागली. मग धीर करून त्यांनी कात्री मागितली.

"टाकं किती घातल्यात ठावं हाय का?" मावशी म्हणाली. "हजारात बसवताय?"

मी मध्ये पडलो. एक वीतभर उसवू, पुन्हा शिवून टाकू. ती ऐकेना. शेवटचा उपाय म्हणून मी शहाणपण केलं. म्हटलं, मावशी, आज ना उद्या धुण्यात त्या नोटेचा लगदा होईल आणि वाकळीत गोळा बसेल.

"का हुईल? कागूद हाय म्हणून?"

"तसा साधा कागद नसतो तो," मी म्हणून गेलो. "नोटेचा कागद कापसापासून करतात."

मावशीनं काकांकडे बघितलं, मग वाकळीकडे, मग सुईत दोरा ओवायला घेतला.

"मग ऱ्हाऊ दे की आत. सुतीच हाय."