गॅस्केट, गिरगाव ते दादर

गिरगावातून दादरला जायचं अंतर जेमतेम आठ किलोमीटर. पण गाडी जुनी प्रीमियर पद्मिनी असेल आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येत असेल, तर हा प्रवास किलोमीटरवर नाही, पाण्याच्या बाटल्यांवर मोजतात. टॅक्सीचा धंदा तिने सोडला. ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली शेवटची काळीपिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत भरून 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनी मात्र दर पाच वर्षांनी आरटीओची पायरी चढतात आणि आणखी पाच वर्षांचं आयुष्य मागून आणतात. अशी गाडी भर रस्त्यात वाफाळली की भोवती जमलेल्या पाचांपैकी चार जण एकमुखाने सांगतात, 'हेड गॅस्केट गेलं.' पाचवा गप्प असतो, कारण गाडी त्याची असते. चौघांचं हे निदान बहुतेक वेळा घाईचं असतं. गॅस्केटवर आरोप सगळ्यात शेवटी ठेवायला हवा, आणि आधीची चौकशी गिरगाव-दादर रस्ता फुकटात करून देतो.

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. खालचा ब्लॉक बिडाचा, वरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. या दोघांच्या मधे दाबून बसवलेली पातळ चकती म्हणजे गॅस्केट. सिलिंडरातला जाळ, त्याभोवतीचं पाणी आणि वर-खाली फिरणारं ऑइल ही तीन बिऱ्हाडं एकाच भिंतीला टेकून राहतात आणि एकमेकांच्या घरात डोकावत नाहीत, ते तिच्यामुळे. त्यात अ‍ॅल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे भिंतीचा वरचा मालक स्वभावानेच ताणणारा. गाडी एकदा अतोनात तापली की हेड वाकतं आणि मग गॅस्केट फुटतं. याचा अर्थ गॅस्केट बऱ्याचदा गुन्हेगार नसतंच, ते मयत असतं. खरा आरोपी चोंदलेला रेडिएटर, सैल फॅनबेल्ट, गळका वॉटरपंप किंवा रबर गेलेलं रेडिएटरचं झाकण. यांतला एकही न तपासता गॅस्केट बदललं, तर नवंही त्याच वाटेने जातं. 'पण पाणी कमी होतंय, हा पुरावा नाही का?' असं कुणी म्हणेल. पुरावा आहे, पाणी कमी होत असल्याचा. ते गेलं कुठे, हे त्यातून कळत नाही.

आता रस्त्याची साक्ष काढू. गोल देऊळ ते नागपाडा गाडी चालत नाही, सरकते. पुढे हातगाडी, बाजूला बेस्टची बस, मागे कुणाचा तरी हॉर्न. पद्मिनीचा पंखा बेल्टवर फिरतो. इंजिन मंद झालं की पंखाही मंदावतो, आणि रेडिएटरला मिळतो तो फक्त पुढच्या बसचा धूर. इथे गाडी तापली तर संशय पंख्यावर आणि रेडिएटरवर. पुढे भायखळ्याचा पूल चढताना इंजिनावर भार येतो, आणि राणीबागेपाशी 2011 साली खुला झालेला लालबागचा उड्डाणपूल सुरू होतो: सुमारे अडीच किलोमीटर, सिग्नल नाही, समोरून वारा. खाली तापलेली गाडी वर जाऊन निवली, तर गॅस्केटला जामीन द्यायला हरकत नाही. यावर जाणकार म्हणतील, चोंदलेला रेडिएटर वाऱ्यातही तापतोच की! बरोबर. म्हणूनच हा पूल आरोपी सोडू शकतो, फाशी देऊ शकत नाही. मुंबईतल्या किती पुलांना एवढी तरी न्यायबुद्धी आहे?

उरलेले साक्षीदार फितूर आहेत. कूलंट जळालं की धुराला गोडसर वास येतो, असं पुस्तकात असतं. पण पद्मिनीच्या पोटात कूलंट असतं कुठे? तिला चाळीच्या नळाचं पाणी, आणि त्याला वास नाही. कूलंट असलंच, तरी लालबागच्या मसाल्याच्या दुकानांजवळ काच खाली करून बघा: भाजलेल्या मिरचीपुढे कुठलाच गोडवा नाकापर्यंत पोचत नाही. पांढऱ्या धुराचं तसंच. जुलैच्या सकाळी सायलेन्सरमधून वाफ सगळ्याच गाड्या सोडतात. इंजिन पुरतं तापल्यावरही ती थांबली नाही तर दखल घ्यावी. ऑइलच्या झाकणाखाली साठलेली पिवळट साय पाहून मात्र शहाणी माणसंही फसतात. दमट हवा आणि आठ किलोमीटरची खेप एवढ्यावर ही साय आपोआप धरते, कारण ऑइल इतकं तापतच नाही की ओल उडून जावी. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ चहासारखं झालं असेल तर मामला गंभीर. त्यातही परळ ओलांडून हिंदमाताला खालच्या रस्त्याने गेलेली गाडी असेल, तर आणखी एक प्रश्न. तो भाग बशीसारखा खोलगट. पालिकेने पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या आहेत. बशी भरलेली असताना त्यातून पोहून आलेल्या गाडीच्या ऑइलमधलं पाणी आतून आलं की बाहेरून, हे आधी ठरवावं लागतं.

निकाल लागतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंडगार असताना, चाळीच्या चौकात. बॉनेट उघडलं की तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरतात, त्याला इलाज नाही. रेडिएटरचं झाकण लावलेलं ठेवायचं, इंजिन सुरू करायचं आणि वरच्या होजपाइपवर हात ठेवायचा. दोनेक मिनिटांत पाइप हाताला थंडच लागतो, पण फुगून कडक झालेला असेल, तर हा दाब तापलेल्या पाण्याचा नव्हे. पाणी अजून तापलेलंच नाही. जाळाच्या बिऱ्हाडातून पाण्याच्या बिऱ्हाडात हवा घुसते आहे. इंजिन बंद करून पुरतं निवू द्यायचं, मग झाकण काढून पुन्हा सुरू करायचं, तर तोंडाशी बुडबुडे दिसतात, बारीक आणि न थांबणारे. सुरुवातीचे चार-दोन अडकलेल्या हवेचे म्हणून माफ. त्यानंतर मिस्त्रीने काँप्रेशन मोजावं. समजा आकडे 120, 60, 55, 125 आले, तर मधले दोन शेजारी एकमेकांत मिसळलेत. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडूनही आकडे वर सरकले नाहीत, तर रिंगांवरचा संशयही फिटतो. 'पण गॅस्केट नुसतं पाण्याच्या बाजूला फुटलं तर आकडे ठीकच येतील!' येतील. त्यासाठी रेडिएटरच्या तोंडाशी निळं द्रावण धरतात. जळका वायू लागला की ते पिवळं पडतं.

'एवढे सोपस्कार करण्यापेक्षा हेडच खोला ना,' हा मिस्त्रीचा आवडता आक्षेप. खोलावं, पण मग अर्ध्यावर सोडू नये. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून हेड वाकलंय का ते पाहायचं, वाकलं असेल तर लेथवाल्याकडून फेसिंग करून आणायचं, आणि नट-बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळायचे. मनगटाच्या अंदाजाने नाही, मनगट कितीही जुनं असो. जुन्या पद्धतीच्या गॅस्केटला पाचशेएक किलोमीटरनंतर ते थंड इंजिनावर पुन्हा आवळावे लागतात. म्हणजे गिरगाव-दादर बासष्ट खेपा, त्यातल्या निम्म्या परतीच्या.