काका, आधी टेस्ट!

लोअर परळच्या काचेच्या ऑफिसांत डोकावलात, तर एका कीबोर्डसमोर दोन खुर्च्या मांडलेल्या दिसतील. एकीतला माणूस एसीतही घामाघूम असतो. दुसरीतला शांतपणे मोसंबी सोलत असतो. हा दुसरा म्हणजे टेस्टवाला जोडीदार.

ही जमात ओळखणं सोपं आहे. वडापाव खाताना तो आधी नुसती चटणी चाखतो, मग नुसता पाव, मग नुसती मिरची. लिफ्टचं बटण दाबण्याआधी, न दाबता लिफ्ट येत नाही ना, याची खात्री करून घेतो.

माझ्या वाट्याला आलेला दादरचा. त्याचं वय 26, माझं 47. म्हणून तो मला ‘काका’ म्हणतो आणि अत्यंत आदराने रोज नापास करतो.

रीत अशी, की प्रोग्राम बरोबर चालतो का हे तपासणारी टेस्ट आधी लिहायची, प्रोग्राम मागाहून. प्रोग्रामच नाही म्हटल्यावर टेस्ट नापास होते, स्क्रीनवर लाल पट्टी येते. मग जेमतेम पास होण्यापुरता कोड लिहायचा, पट्टी हिरवी करायची, आणि शेवटी झाडलोट. ही शिस्त रुजवली केंट बेक या अमेरिकन गृहस्थाने. 1997 साली त्याने आणि एरिख गामाने झ्युरिकहून अटलांटाला जाताना विमानात शेजारी बसून ‘जेयुनिट’ हे टेस्टचं साधन लिहायला घेतलं. लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवणाऱ्याने यावर काय बोलावं?

आमचा हिरो मात्र हे सगळं शिवाजी पार्कात नेऊन पोहोचवतो. तिथे सचिनचे गुरू आचरेकर सर यष्टीवर रुपया ठेवत. सचिनला बाद करील त्याचा रुपया, नाबाद राहिला तर सचिनचा. यानेही कीबोर्डशेजारी रुपया ठेवला. “मी टेस्ट टाकतो, बॅटिंग तुमची.”

काम किरकोळ होतं. ज्येष्ठांना तिकिटात सवलत द्यायची. मी लिहिलं, वय 60 पेक्षा जास्त. त्याने नेमकं 60 टाकलं. लाल. मी सुधारलं. त्याने वय कोरं ठेवलं. लाल. मग उणे पाच. मग वयाच्या रकान्यात ‘चकली’.

“अरे, वय चकली कोण लिहील?”

“काका, कोणीतरी लिहितंच.”

कीबोर्ड त्याच्या डोक्यात घालावासा वाटला, पण कंपनीचा होता.

रात्री लालबागच्या चाळीत बाबांपुढे गाऱ्हाणं घातलं. बाबा 1982 च्या संपापर्यंत गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते. ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, “बाण्याचा धागा तुटला की साचा आपोआप थांबायचा. थांबला म्हणून आम्ही त्याच्यावर कधी चिडलो नाही. धागा तुटूनही धडधडत राहिला, तर मात्र शिव्या घालायचो. वारभर कापड वाया!”

दुसऱ्या दिवसापासून लाल पट्टी आली की मी ‘धागा तुटला’ म्हणायचो आणि जोडायला बसायचो. राग गेला नाही, पण त्याला काम मिळालं.

आणि शुक्रवारी चमत्कार झाला. त्याने टाकलेली टेस्ट पहिल्याच फटक्यात हिरवी! मी रुपया उचलून खिशात घातला. तो खूश होऊन टाळी द्यायला आला, आणि माझाच हात अडखळला. कोड तर मी अजून लिहिलाच नव्हता.

टेस्ट उघडून पाहिली. सगळी मांडामांड चोख, पण उत्तर बरोबर आलं की नाही हे विचारणारी ओळच तो विसरला होता. काहीच न विचारणाऱ्या परीक्षेत कोण नापास होणार?

गडी लालेलाल झाला. मोसंबी बाजूला पडली, मूठ टेबलावर आपटली. मी म्हटलं, “चीड बाळा, चीड. साचा थांबला नाही, तेव्हाच चिडायचं असतं.”

रुपया मी परत जागेवर ठेवला. नाबाद होतो खरा, पण चेंडूच पडला नव्हता.