कंगवा

माझ्या डोक्यावरचा शेवटचा दखलपात्र केस २००३ साली गेला. तेव्हापासून आमच्या घरात कंगवा ही वस्तू फक्त हिच्या मालकीची. त्यामुळे टूसॉनला लेकीकडे गेल्यावर, पहिल्याच पहाटेच्या फोटोमोहिमेसाठी जावयांनी माझ्या पिशवीत पाणी, टोपी, आणखी पाणी आणि वर एक रुंद दातांचा कंगवा ठेवला, तेव्हा मला वाटलं, लग्नातल्या मानपानाचा राग हा माणूस बारा वर्षांनी काढतोय.

"असू द्या बाबा," एवढंच ते म्हणाले. "अ‍ॅरिझोनात लागतो."

निवृत्तीनंतर मी स्वतःच स्वतःला कॅमेरा भेट दिला होता. तोवरचा माझा सगळा अनुभव कृष्णेच्या घाटावरच्या बगळ्यांचा. सांगलीचा बगळा सहकार चळवळीतला आहे. तो उभा राहतो, तुमचं ॲपर्चर-शटर लावून होईपर्यंत थांबतो, आणि फोटो झाला की मगच मासा धरतो. या शिदोरीवर मी सोनोरन वाळवंटात उतरलो.

वाळवंट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे वाळू, उंट आणि पाठमोरा प्रवासी होता. इथे वाळू फारशी दिसेना आणि उंट तर नव्हताच. वसंत मात्र दणक्यात चालू होता. पालो वर्दे नावाची हिरव्या खोडाची झाडं आपल्या बहाव्यासारखी पिवळीधमक झालेली. ओकोटियोच्या वाळक्या काठ्यांच्या टोकांना लाल पलिते लागलेले, आणि त्यांवर गुंजनपक्षी. माझ्याकडे त्यांचे एकशे बारा फोटो आहेत. सगळ्यांत फूल उत्तम आलंय. पक्षी नुकताच गेलाय. फड्या निवडुंगही भेटला, पिवळी फुलं माळून बसलेला. आपल्याकडे बांधावर खालमानेनं उभा असतो तो हाच. त्याचं माहेर अमेरिका आहे. माहेरी माणूस कसा खुलतो ते तिथे पाहिलं.

पण या मुलखाचा खरा मानकरी म्हणजे सवारो नावाचा निवडुंग. पाटीवर मी 'सागुआरो' असं वाचलं, तेव्हा नऊ वर्षांच्या नातीनं, "आबा, सवारो," अशी दुरुस्ती केली. त्याच्या नावाचं उद्यानच आहे. १९३३ साली ते राष्ट्रीय स्मारक झालं आणि १९९४ साली बढती मिळून राष्ट्रीय उद्यान. एकसष्ट वर्षांनी बढती! बँकेतल्या माणसाला अशा जागेबद्दल लगेच आपुलकी वाटते. तशीच या झाडाच्या चालीबद्दलही. पहिल्या आठ वर्षांत तो उणापुरा दीड इंच वाढतो. आमच्या गल्लीतलं गटार साधारण याच गतीनं पुढे सरकलं. मग तो चाळीस फूट होतो, दीडशे-दोनशे वर्षं जगतो. आणि ते प्रसिद्ध फोटोतले हात? ते फुटायलाच पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. आमच्या शाखेत लोक रुजू झाल्याच्या दिवशी हात वर करायचे.

फुलं येतात ती या हातांच्या टोकांवर. पांढरी, मेणाची केल्यासारखी. रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. म्हणजे छायाचित्रकारानं पहाटे हजर व्हायचं आणि चाळीस फूट वर बघायचं. पंढरपूरला निदान पर्याय असतो: वेळ नसेल तर मुखदर्शन, धीर असेल तर चरणस्पर्श. इथे मुखदर्शन वटवाघळांना, मधमाश्यांना आणि पांढऱ्या पंखांच्या होल्यांना. माणसाला फक्त चरण, आणि तेही काट्यांचे. कधीतरी कडक थंडीत गारठून एखाद्या सवारोचा हात खाली लोंबतो आणि त्याची फुलं माणसाच्या उंचीवर येतात. असा एक हात जावयांना ठाऊक होता. दुर्दैवानं तो सगळ्या टूसॉनलाच ठाऊक होता. साडेपाचला पोचलो तर पुढे अकरा तिपाया. मला रांगेचा उलट आधार वाटला. मी चपला काढायच्या बेतात होतो.

रांगेत असताना वरून टकटक ऐकू आली. एक पक्षी सवारोच्या अंगात भोक पाडत होता. नाव विचारलं, तर जावई म्हणाले, "हिला वुडपेकर." लिहिताना ग, म्हणताना ह. मी कॅमेरा रोखला. मागे घडीच्या खुर्चीवर चहाचा थर्मास घेऊन बसलेल्या सौभाग्यवतींनी विचारलं, "काय बघताय एवढं?"

"हिला."

"कुणाला?"

"अगं, हिला!"

"चाळीस वर्षांत कधी इतकं टक लावून बघितलं नाहीत. आता ही कोण आणखी?"

पुढल्या रांगेतून कुणीतरी "श्शऽऽ" केलं आणि पक्षी उडाला. या सुतारपक्ष्याची रीत मात्र ऐकण्यासारखी आहे. ढोली कोरली की तो लगेच राहायला जात नाही. आतला चीक सुकून भिंत टणक होईपर्यंत काही महिने थांबतो, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेत नाही. पुढे त्यानं जागा सोडली की तिथे चिमणीएवढं एक घुबड येऊन राहतं. पागडी किती देतं, ते जावयांनाही सांगता आलं नाही.

आता कंगवा.

साडेसातच्या सुमाराला वाटेवर रोडरनर आला. शेपूट ताठ, चोचीत सरडा, आणि चेहरा पहिली बस चुकलेल्या माणसाचा. जावयांनी सांगितलं, हा कोकिळेच्या कुळातला, म्हणजे आपल्या भारद्वाजाचा नातेवाईक. हिनं लगेच हात जोडले. "भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो हो!" माझी लेन्स लांब पल्ल्याची आणि पक्षी फारच जवळ. फ्रेममध्ये नुसती चोच आणि अर्धा सरडा. अख्खा पक्षी मावावा म्हणून मी एक पाऊल मागे घेतलं. मग आणखी एक. तिसरं नको होतं.

मागे चोया नावाचा निवडुंग होता. दिसायला इतका गोजिरवाणा की त्याला टेडी बेअर म्हणतात. सकाळचं ऊन मागून आलं की अंगावर सोनेरी लव असल्यासारखा उजळतो. अर्ध्या तासापूर्वी मीच त्याचे वीस फोटो काढले होते. ती लव म्हणजे उलट्या दातांचे काटे. नुसतं टेकलं तरी त्याचा एक तुकडा सुटून चिकटतो, आणि जनावर जिथे तो झटकेल तिथे तो मूळ धरतो. वंश वाढवायची त्याची ही पद्धत. त्या सकाळी त्यानं वंशविस्तारासाठी माझी निवड केली. जागा सांगत नाही. एवढंच सांगतो, की बँकेत पस्तीस वर्षं मी जिच्या जोरावर काढली, तीच ती.

मी ओरडलो. रोडरनर सरड्यासकट पसार झाला. हात मागे नेणार इतक्यात लेक किंचाळली, "बाबा, हात लावू नका! हाताला पण चिकटेल!" जावयांनी शांतपणे पिशवीतून कंगवा काढला, दाते कापड आणि तुकडा यांच्या मध्ये सरकवले, म्हणाले, "एक, दोन…" आणि दोनलाच झटका दिला. तुकडा दहा फूट उडाला. उरलेले काटे हिनं भुवयांच्या चिमट्यानं उपटले. प्रत्येक काट्याबरोबर, "शकुन आपण पक्ष्याकडे तोंड करून घ्यायचा असतो, मागे सरकून नाही," अशी भर होतीच. रांगेतल्या दोघा-तिघांनी सहानुभूतीनं आपापले कंगवे काढून दाखवले. त्यांतला एक माझ्यासारखाच तुळतुळीत होता.

या सगळ्या वेळात नात आईचा फोन घेऊन भोवती फिरत होती. "आबा, हलू नको ना, लाइट मस्त आहे!" माझ्या दोन हजार फोटोंत ऑटोफोकसनं पक्षी सोडून पुढचा काटा धरलाय. तिच्या एकाच फोटोत काटे, कंगवा, ऊन, माझा चेहरा आणि मागे लांबवर फड्या निवडुंग काट्यांसकट चावत आमच्याकडे बघणारी हावेलिना, म्हणजे डुकरासारखं दिसणारं जनावर, सगळं लख्ख आहे. सांगलीत मंडळी आली की तोच बघायला मागतात.

जाता जाता जावयांनी हिला आणखी एक धक्का दिला. आपण घराघरांत कुंडीत लावतो ते ब्रह्मकमळ म्हणे खरं ब्रह्मकमळ नव्हेच. ते हिमालयातलं वेगळं. आपलं ते निवडुंग, सवारोच्याच भाऊबंदांतलं. तेही रात्री उमलतं. ही अर्धा तास बोलली नाही. मग म्हणाली, "असू दे. आम्ही त्याला हळदकुंकू वाहिलंय. आता ते ब्रह्मकमळच."

यंदा श्रावणात आमच्या गॅलरीत एकदम सात फुलं आली. रात्री साडेअकराला सगळी सोसायटी फोन घेऊन हजर. ओवाळणं झालं, फोटो झाले. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना कुंडीसकट सातही फुलं एका फ्रेममध्ये हवी झाली. ते एक पाऊल मागे सरले. मग आणखी एक. त्यांच्या मागे हिचा गावठी गुलाब होता.

मी खिसा चाचपला.