डिकीचा सातबारा

मोटारीची डिकी भरण्याच्या कलेत माझा हात धरील असा मनुष्य काशीक्षेत्री, निदान दुर्गाघाटापासून पंचगंगेपर्यंतच्या टापूत तरी, दुसरा नाही, हे विधान मी आजवर अनेकांपुढे केले असून, ते खोडून काढण्याइतकी फुरसत त्यांपैकी एकालाही नसल्यामुळे, ते सर्वमान्य झाले आहे असे मी धरून चालतो. आमच्या कुटुंबाचे मत निराळे आहे. पण घरच्या साक्षीदाराची साक्ष कोणताही मुनसफ कच्चीच धरतो.

ही विद्या मी हौसेने संपादन केली असे मात्र नाही. काशीत बिऱ्हाड असलेल्या मराठी माणसाकडे पाहुणे येत नाहीत, यात्रा येते. महानगरी किंवा कामायनी कँटच्या फलाटाला लागली की तिच्यातून कोणी मावसभावाचे व्याही उतरतात, त्यांच्याजवळ आमच्या घराचा पत्ता आणि सात नग सामान असते, आणि परतीच्या दिवशी त्या सातांचे अकरा झालेले असतात: शालूंचे खोके, लाकडी खेळण्यांची पिशवी, मोसम असेल तर लंगड्या आंब्याची पेटी, आणि गंगोदकाचे प्लॅस्टिकचे कॅन, जे वरच्या अकरांत धरण्याचा प्रघात नाही. वास्तविक मोटार बाळगण्याचे आम्हांला कारण नव्हते. आमच्या गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने ओट्यावर चढावे आणि सांड आला तर दोघांनी, असा शिरस्ता असल्यामुळे मी जी गाडी घेतली तिला माझ्या घराचे दर्शन आजतागायत घडलेले नाही; ती मैदागिनच्या बाजूला एका भाड्याच्या जागेत उभी असते आणि तिच्यापर्यंत सामान हमालाच्या डोक्यावरून जाते. म्हणजे सामान माणसाने वाहायचे, आणि मग ते वाहण्यासाठी घेतलेल्या वाहनात ठेवायचे. तरीही गाडी घ्यायचीच असे एकदा ठरल्यावर ती लहान असावी आणि तिची डिकी मोठी असावी, ही माझी अट होती. ‘डिकीत काय संसार मांडायचाय?’ असा प्रश्न घरातून आला. तो मी टिपणात घेतला, उत्तर दिले नाही.

मग मी तौलनिक अभ्यासास बसलो. त्या वेळच्या माहितीपत्रकांतून ऑल्टो ८०० ची डिकी १७७ लिटर, टियागोची २४२, स्विफ्टची २६८, क्विडची २७९, वॅगनआरची ३४१ आणि अल्ट्रोझची ३४५, असा तक्ता मी एका वहीत उतरून काढला. जुन्या वॅगनआरची डिकी १८० लिटर होती आणि २०१९ साली आलेल्या नव्या अवताराने ती जवळजवळ दुप्पट केली, ही वार्ता वाचून मला जो आनंद झाला तो आमच्या चिरंजिवांना पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता. नॅनोची नोंद मी शेवटी केली, कारण २००९ साली ती अवतरली तेव्हा तिच्या पाठीला दारच नव्हते. सामान पुढच्या बाजूने आसनावरून आत ढकलावे लागे, आणि मागून उघडण्याची सोय होण्यास २०१५ साल उजाडावे लागले. काशीत अशी अनेक देवळे आहेत की ज्यांचा गाभारा दिसतो पण दार सापडत नाही. त्यामुळे मला तिच्याविषयी आपुलकी वाटली.

परंतु लिटर हे माप मनाला पटेना. डिकी म्हणजे काही पाण्याचा हंडा नव्हे. एका शोरूममधल्या तरुणाला मी हे विचारले, तेव्हा ‘बाबूजी, कंपनी का फिगर है’ एवढे सांगून तो माझ्याऐवजी गाडी घेण्याची शक्यता असलेल्या गृहस्थांकडे वळला. पुढे शोध केल्यावर कळले ते असे, की जर्मनीतल्या मोटार कारखानदारांच्या संघटनेने घालून दिलेल्या रीतीनुसार २०० मिलिमीटर लांब, १०० रुंद आणि ५० जाड, म्हणजे बरोबर एक लिटर आकारमानाचे ठोकळे डिकीत रचतात, आणि जितके ठोकळे मावले तितके लिटर. अमेरिकेकडे खऱ्याखुऱ्या पेट्या रचून पाहण्याचीही पद्धत आहे. ठोकळ्यांची रीत शास्त्रशुद्ध आहे यात संशय नाही. मात्र आमच्याकडे आलेल्या एकाही पाहुण्याने आजवर ठोकळे आणलेले नाहीत. शिवाय ते कोठपर्यंत रचायचे, मागच्या फळीपर्यंत की थेट छतापर्यंत, यावर आकडा फुगतो आणि ओसरतो. आणि छतापर्यंत रचलेले सामान मागच्या काचेतून जगाला दिसते, चालकाला जग दिसत नाही.

या घोळातून मला सोडवले ते आमच्या कोकणातल्या जमिनीने. पणजोबा काशीवासाला आले तेव्हा मागे जो जमिनीचा तुकडा राहिला, त्यातल्या आमच्या हिश्श्याचा सातबारा ही आमच्या घराण्याची एकमेव स्थावर प्रतिष्ठा होय. त्या उताऱ्यात एकूण क्षेत्र दिलेले असते. पण खाली लागवडीयोग्य क्षेत्र निराळे आणि पोटखराबा निराळा दाखवलेला असतो, आणि आमच्या हिश्श्यात पोटखराबा, म्हणजे शुद्ध कातळ, हाच मुख्य असून लागवडीयोग्य क्षेत्र त्याच्या पोटात कुठे कुठे आढळते. डिकीचेही तेच आहे! चाकांच्या कमानी आत येतात तो पोटखराबा. काच उतरती असल्यामुळे वरच्या अंगाला जी निमुळती पोकळी राहते तीत फार तर केरसुणी जाईल, तोही पोटखराबा. मागचे सीट पाडले तर जागा वाढते असे सांगतात, पण पाडलेले सीट सपाट न पडता दम्याच्या रोग्याप्रमाणे अर्धवट उठून बसते, आणि डिकीचा उंबरठा इतका उंच असतो की जड ट्रंक आत घालताना ती प्रथम कमरेत भरते. माहितीपत्रकातला आकडा ही कागदोपत्री मालकी. खरी किंमत वहिवाटीला.

वहिवाट ठरवण्यासाठी मी आजोबांची पत्र्याची ट्रंक प्रमाण मानली आणि ती सायकलरिक्षात घालून शहरातल्या शोरूममधून हिंडलो. कोणत्या गाडीत ती गेली आणि कोणत्या गाडीच्या दारातच अडली हे सांगत नाही. दोष ट्रंकेचाही असू शकेल, ती आजोबांसारखीच वाकण्यातली नाही. दोन ठिकाणी मला पाणी विचारण्यात आले, तिसऱ्या ठिकाणी ट्रंकेत काय आहे हे विचारण्यात आले, आणि चौथ्या ठिकाणी रखवालदाराने मला स्टेशनचा रस्ता दाखवला.

आता थोडे विषयांतर करतो. वाचकांनी रागावू नये, आणि रागावले तरी ते मी करणारच आहे. लिटर म्हटले की काशीच्या माणसाला गंगेखेरीज दुसरे काय आठवणार? आणि गंगा दूरदेशी न्यायची म्हटले की कावड आली. एक वेळू, दोन टोकांना दोन घागरी, मध्ये एक खांदा. या रचनेत पोटखराबा शून्य आहे, आणि एक बाजू जड झाली तर ते वाहणाऱ्याला ताबडतोब कळते, त्यासाठी लाल दिवा लागावा लागत नाही. पैठणच्या नाथांनी आपले भागवत इ. स. १५७३ मध्ये याच काशीत पुरे केले. रामेश्वरासाठी चालवलेली कावड त्यांनी वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा मी लहानपणी भूतदयेचा धडा म्हणून ऐकली होती, पण हल्ली ती मला सामानाच्या दृष्टीने दिसते आणि पुढची वाट नाथांना किती हलकी गेली असेल या विचाराने हेवा वाटतो. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत सापडले, लुटले गेले, कमावलेली दक्षिणा गमावून बसले. गंगेची कावड मात्र त्यांनी आईवडिलांसाठी कोकणात पोहोचवली. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला. ज्या मनुष्याला एवढे सगळे सोसूनही दोन घागरी कोकणापर्यंत नेता आल्या, त्याच्यापुढे मी लहुराबीरच्या वाहतुकीची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

राजेरजवाड्यांची तऱ्हा अर्थातच मोठी. अकबर बादशहा घरी काय किंवा प्रवासात काय, गंगेचेच पाणी पीत असे, आणि ते मोहोरबंद घागरींतून येई, असे आईन-ए-अकबरीत नमूद आहे. जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेस गेले ते चांदीच्या प्रचंड घागरींत गंगाजल भरून, जहाजात चढवून. त्यांतल्या दोन घागरी जयपूरच्या राजवाड्यात आजही उभ्या आहेत. एकेकीची क्षमता सुमारे ४,००० लिटर म्हणून सांगतात. म्हणजे वॅगनआरच्या जवळजवळ बारा डिक्या. पण त्यांची उंची १.६ मीटर सांगतात, आणि तेवढ्या उंचीत चार घनमीटर पाणी कोंबायचे तर घागरीची रुंदी उंचीहून अधिक भरते, हे मी रात्री साडेअकराला वहीत गणित मांडून कुटुंबास जागे करून दाखवले. चित्रात तर ती घागर चांगली उभट दिसते. तेव्हा माहितीपत्रकातला लिटर आणि वहिवाटीतला लिटर यांचा कज्जा मोटारीपेक्षा जुना आहे, आणि संस्थानिकही त्यातून सुटलेले नाहीत. मोटारीकडे परत यायचे तर, गॅसवर चालणाऱ्या लहान गाडीत ६० लिटरची एक अगडबंब टाकी डिकीत आडवी पडून सगळी जमीन बळकावीत असे. टाटांनी २०२३ पासून तिच्या जागी ३०-३० लिटरच्या दोन टाक्या तळाशी घातल्या आणि वरची जागा मोकळी केली. दोन टोकांना दोन भांडी! कावडच ती.

असो. माझ्या विद्येची कसोटी लागली ती बाबतपूरच्या विमानतळाच्या वाटेवर. चार पाहुणे आणि अकरा नग मी त्या दिवशी असे काही बसवले होते की दोन पिशव्यांच्या मधून नखही जाऊ नये. मऊ गाठोडी कमानींच्या कुशीत, कडक पेट्या मध्यावर, कॅन कोपऱ्यात उभे, आणि झाकण लावताना ‘खट’ असा एकच तृप्त आवाज. पाहुण्यांनी दाद दिली नाही, पण ती त्यांच्या चेहऱ्यावरून मी वाचली. निम्म्या वाटेवर डावे मागचे चाक बसले. स्टेपनी कोठे असते हे वाचकांना ठाऊक आहे: डिकीच्या तळाखाली, सर्व सामानाच्या बुडाशी, जणू भूगर्भातील देवस्थान. अकराही नग उन्हात, रस्त्याच्या कडेला, एका चहावाल्याच्या बाकड्यापुढे मांडले गेले, आणि कोपऱ्यातला एक कॅन झाकणातून पाझरत होता हेही उघडकीस आले. भगीरथाला जे तपश्चर्येने साधले ते मला एका पंक्चरने साधले, आणि शालूंच्या खोक्यावर गंगा अवतरली. चहावाला म्हणाला, ‘गुरू, एतना सामान?’ पाहुणे एकमेकांशी बोलत नव्हते. विमान मिळाले, पत्रव्यवहार मात्र तेव्हापासून थंडावला आहे.

त्या कॅनचा मला राग येतो तो मात्र वेगळ्याच कारणाने. माणसे येतात, पाच-पाच लिटर गंगा घेऊन जातात, आणि घरी गेल्यावर ती मोरीवरच्या फळीवर, फिनेलच्या शेजारी ठेवतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या आजीच्या वेळी एक तांब्याचा गडू जाई, तोंड झाळलेला, मूठभर; मावंद्याला त्याची पूजा होई आणि पुढे घरात कोणाची घटका भरली की तो उघडत. त्याला जागा म्हणून लागत नसे. धान्यात पुरूनही नेत.

गेल्या कार्तिकात पुण्याहून एकटाच एक तरुण आला. दूरच्या नात्यातला, यापूर्वी त्याला पाहिल्याचे आठवत नाही. पहाटेची गाडी, धुके, आणि मी सवयीप्रमाणे कँटबाहेर डिकी उघडून, आतली चादर झटकून, सेनापतीसारखा उभा. त्याच्या खांद्याला एक लहान पिशवी होती. ती मी घेतली आणि कमानीलगत लावली. मग त्याच्या हातात लाल फडक्यात बांधलेले आणखी काही होते, त्यासाठीही मी हात पुढे केला.

‘हे राहू दे काका माझ्याजवळ,’ तो म्हणाला. ‘आईला मागं बसलं की मळमळायचं.’

तो पुढे बसला, मडके मांडीवर घेऊन, आणि मैदागिन येईपर्यंत वळणावळणाला ते दोन्ही हातांनी सावरीत राहिला. मी आयुष्यात इतकी सावकाश गाडी हाकलेली नाही. मागे त्याची पिशवी उघड्या मैदानात सोडलेल्या वासरासारखी या कमानीवरून त्या कमानीवर आपटत होती, आणि त्या आवाजाची मला लाज वाटत होती.

विधी झाले. नावेतून परतल्यावर तो घाटाच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसला. संध्याकाळी निघताना कुटुंबाने आतून एक गडू आणून त्याच्या हातावर ठेवला. आमच्याकडे असे दोन होते, आता एक आहे. तो त्याने पिशवीत घातला नाही. पुन्हा पुढेच बसला, गडू मांडीवर. सकाळपासून रिकाम्या राहिलेल्या हातांना काहीतरी मिळाले म्हणून की काय, त्याचा चेहरा जरा सैल झाला.

स्टेशनाशी उतरल्यावर मी पिशवी काढण्यासाठी डिकी उघडली. तो बाजूला येऊन उभा राहिला, त्या ओसाड पोकळीकडे काही वेळ पाहत राहिला, आणि काहीतरी बोलायला हवे म्हणून म्हणाला,

‘काका, डिकी फार मोठी आहे हो तुमच्या गाडीची.’

तीन वर्षे मी हे वाक्य कोणाच्या तरी तोंडून ऐकण्यासाठी तिष्ठत होतो.

‘छे रे,’ मी म्हणालो, ‘पोटखराबा फार आहे.’