दाजींची उन्हाळी यादी

रंगपंचमीचा रंग कानामागून पुरता गेलेला नसतो, तोवर दाजींची यादी येते. उन्हाळ्यात ऐकायच्या अल्बमांची. आधी ती व्हॉट्सअॅपवर येते, मग फोन येतो, आणि संध्याकाळी "पाव्हणं, बघितली न्हवं यादी?" म्हणत दाजी स्वतःच येतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं बेअरिंग आणि ऑइल सीलचं दुकान आहे. दिवसभर फाउंड्रीवाल्यांशी उधारीवरून वाद घालणारा हा माणूस रात्री ग्लासगोच्या चार पोरांची गिटार ऐकत बसतो, हे मार्केटात कुणाला सांगितलं तरी पटत नाही.

यादीत फक्त इंडी रॉक आणि पॉवर पॉप. पॉवर पॉप म्हणजे काय, हे मी एकदा विचारून बसलो होतो. 'द हू'च्या पीट टाउनशेंडनं १९६७ साली हा शब्द काढला, इथपासून सुरुवात झाली. मग दाजी मूळ पदावर आले. "हे बघा, चाल एकदम गोड. दोघं-तिघं मिळून गात्यात. आणि वर गिटारचा झणझणीत कट, मिसळीवर असतोय तसा. तीन मिनिटांत खेळ खल्लास. शब्द बघाल तर पोरगी सोडून गेलेली असती, आणि मागं टाळ्या वाजत असत्यात!"

दाजींचं दैवत म्हणजे मेम्फिसचा 'बिग स्टार' हा बँड. १९७२ साली त्यांचा 'नंबर वन रेकॉर्ड' आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण गिऱ्हाईक दुकानात गेलं तर रेकॉर्डच मिळेना. स्टॅक्स कंपनीला माल नीट पोचवता आला नाही, पुढं वितरण कोलंबियाकडं गेलं, तिथंही कुणी मनावर घेतलं नाही. बँड बसला. संगीताचे जाणकार या प्रकरणाकडं कलावंताची शोकांतिका म्हणून बघत असतील, दाजी व्यापारी म्हणून बघतात. "माल एक नंबर, आणि काउंटरला न्हाई! एजन्सीनं बुडीवला की ओ!" असं म्हणून ते आपल्या स्टॉकिस्टवर घसरतात, आणि मेम्फिसमधून निघालेलं बोलणं अडकलेल्या ट्रान्सपोर्टच्या पावतीवर येऊन थांबतं.

'बिग स्टार' हे नाव स्टुडिओजवळच्या एका किराणा दुकानाचं. 'फाउंटन्स ऑफ वेन' हे न्यू जर्सीतल्या बागेच्या शोभेच्या वस्तू विकणाऱ्या दुकानाचं. या दोन पुराव्यांवर दाजींचा सिद्धांत उभा आहे की चांगला बँड दुकानाच्या पाटीखालीच जन्माला येतो. मग उद्यमनगरात एवढ्या पाट्या असताना एकही बँड का नाही? मिसळवाल्यांच्या पाटीवरचं 'फडतरे' हे नाव बँडला काय वाईट आहे? यावर माझ्याकडं उत्तर नाही.

नुसती यादी असती तर आम्ही निभावून नेलं असतं. दाजींच्या यादीला वेळा आहेत. वीझरचा १९९४ चा निळा अल्बम दुपारी बाराच्या आत ऐकायचा, नंतरचं ऊन त्याला सोसत नाही. 'फाउंटन्स ऑफ वेन'चा 'युटोपिया पार्कवे' संध्याकाळी सहानंतर रंकाळ्यावर, तोही भेळ खाऊन झाल्यावर. मॅथ्यू स्वीटचा १९९१ चा अल्बम कधीही चालतो, फक्त त्याचं नाव 'गर्लफ्रेंड' असल्यामुळं घरात त्याला 'मॅथ्यूचं ते' म्हणायचं. ग्लासगोच्या टीनएज फॅनक्लबचा 'बँडवॅगनेस्क' हा यादीचा मुकुटमणी. १९९१ साली अमेरिकेच्या 'स्पिन' मासिकानं निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'ला मागं सारून यालाच वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं होतं, हे दाजी पाटाकडील तालमीनं फुटबॉलची फायनल मारल्याच्या थाटात सांगतात. त्याच्या गुलाबी कव्हरवर पिवळी पैशाची थैली आहे. माझ्या बहिणीनं, म्हणजे अक्कानं, ते बघून "कुठल्या पतसंस्थेचं हो हे?" असं विचारलं होतं. या अल्बमात तिसरं गाणं 'डिसेंबर' नावाचं आहे. ते मे महिन्यात गाळायचं. पुण्यात २०१० साली 'एनएच७ वीकेंडर' हा मोठा संगीतमेळा सुरू झाला, तेव्हा दाजी जायला निघाले होते. तो डिसेंबरात आहे म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं.

दाजींचे वडील, आबा, यांना हे अजिबात मंजूर नाही. "शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात आणलं, त्या गावात ह्यो दंगा!" वास्तविक आबांनी जन्मात एक मैफल पुरती ऐकलेली नाही. त्यांचं सगळं चित्त शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलात. पण बाहेरचं काही वाजलं की कोल्हापूरकराला खाँसाहेब आठवतात. दाजींनी नेमकं तेच धरलं. "आबा, सारंग रात्री गात्यात काय? दुपारचा राग दुपारीच न्हवं? मग ह्याला येळ असली तर बिघडलं कुठं?" आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सारंगात मधीच टाळ्या न्हाईत वाजवत."

माझी शंका वेगळी आहे. जगातली निम्मी उन्हाळी गाणी उन्हाशी फारसा संबंध नसलेल्यांनी केलेली दिसतात. ग्लासगोला ऊन पाहुण्यासारखं येतं. समुद्रावरच्या लाटांची गाणी घरोघर पोचवणाऱ्या 'बीच बॉईज'मध्ये लाटांवर खरा स्वार होणारा एकटा डेनिस विल्सन; गाणी रचणारा भाऊ ब्रायन काठावरच. आपल्याकडं ऊन एवढं फुकट पडलंय की त्यावर कोण गाणं करणार? दाजींना हे बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणून तर आयात करायला लागतंय."

गेल्या मे महिन्यात एका रविवारी ओम्नीतून सगळे पन्हाळ्याला निघालो. दुपारचे साडेतीन, रेक्झिनला पाठी चिकटलेल्या, डॅशबोर्डवर ब्लूटूथ स्पीकर. शिवाजी पूल ओलांडला आणि 'बँडवॅगनेस्क' सुरू झाला. सहावं गाणं संपल्यावर दाजींनी फोन थांबवला. सगळे वाट बघत राहिले. "काय झालं?" मी विचारलं. "बाजू पलटायलोय." रेकॉर्ड उचलून, उलटी करून, सुई ठेवायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ दाजी हात स्टिअरिंगवर ठेवून शांत बसले आणि मग सातवं गाणं लावलं. दाजींकडं रेकॉर्ड प्लेअर नाही. कधीच नव्हता.

केर्ली मागं पडलं आणि पन्हाळ्याच्या अंगानं ढग चढले. वाघबीळच्या आसपास वळवानं गाठलं. थेंब म्हणेपर्यंत गारा. टपावर ताशा वाजायला लागला, पोरं ओरडायला लागली, आणि दाजींनी गाणं बंद केलं.

"लावा की ओ," अक्का म्हणाली. "बरं वाजत होतं." लग्नानंतर पहिल्यांदाच ती असं म्हणाली असावी. दुसरा कुणी असता तर विरघळला असता.

"न्हाई. पाऊस लागला. ह्यो उन्हाळ्याचा अल्बम हाय."

"मग पावसाचं लावा!"

"पावसाची यादी मृगाला येती."

गाडी बाजूला घेऊन आम्ही गारा थांबायची वाट बघत बसलो. त्या वेळात आबांनी एक जुनी फायनल पहिल्या मिनिटापासून, कॉर्नर-किकांसह सांगितली. अक्का खिडकीबाहेर बघत होती. दाजींच्या चेहऱ्यावर मात्र कर्तव्य बजावल्याचं समाधान होतं.

हा नेम दाजींना सर्वांत महागात पडतो तो 'सप्टेंबर गर्ल्स'च्या बाबतीत. बिग स्टारच्या १९७४ च्या 'रेडिओ सिटी'मधलं हे गाणं पॉवर पॉपचा कळस, असं दाजींचं मत. पण नावात सप्टेंबर, म्हणजे मे महिन्यात हात लावायचा नाही. आणि सप्टेंबरात बहुधा गणपती. दाजींचं घर मंगळवार पेठेत, खिडकीसमोर मंडळाचा डॉल्बी. गिटारची सुरुवात होते न होते तोवर काचा थरथरतात आणि पुढचं गाणं डॉल्बीत वाहून जातं.

यंदा त्यांनी तोड काढली आहे. विसर्जनाच्या रात्री एकट्यानं पन्हाळ्यावर जायचं आणि ते गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचं. जेवताना त्यांनी बेत सांगितला. अक्कानं भाकरी तव्यावरून काढली, ताटात वाढली आणि म्हणाली, "जावा की. पण ह्या गर्ल्स कोण कोण, तेवढं सांगून जावा."