बांधावरचा डबा

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा उपग्रहाच्या खुणेने शोधून काढणे. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर यांनी पहिला डबा ठेवला. सापडलेल्या डब्यातल्या वहीत स्वतःचे नाव लिहायचे आणि डबा जागच्या जागी ठेवायचा. पाच-दहा मीटरची चूक खेळात चालून जाते. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात तेवढ्यावरून बांधाचा दावा दोन पिढ्या चालू शकतो.

इथे बायकांच्या मताधिकाराचा माग काढायचा, तर पहिला डबा बांधावरच ठेवावा लागेल. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीनमोजणीची नवी पद्धत याच तालुक्यात सुरू केली. मोजणीवरून धारा, म्हणजे जमिनीचा सरकारी सारा, ठरला आणि १९१९ च्या राजकीय सुधारणांनंतर धाऱ्यावरून मतदार. पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत ३२ रुपये धाऱ्याची जमीन असली की मत. रमाबाई रानडे आणि इतरांच्या खटपटीनंतर मुंबई कौन्सिलने १९२१ मध्ये हाच हक्क, याच अटीवर, बायकांनाही दिला. अट दोघांना सारखी होती, सातबारा तेवढा नवऱ्याच्या नावावर होता. १९३५ च्या कायद्याने साक्षर बाईला मत मिळाले आणि ठरावीक ऐपतीच्या पुरुषाच्या बायकोलाही. म्हणजे नवरा ही शैक्षणिक पात्रता धरली गेली.

दुसरा डबा बारामतीजवळच्या काटेवाडीचा. तिथल्या शारदाबाई पवार १९३८ मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर गेल्या. डिसेंबर १९४० मध्ये त्या तीन दिवसांचे मूल घेऊन बोर्डाच्या बैठकीला गेल्याचे त्या मुलाने, शरद पवारांनी, पुढे सांगितले आहे. इतक्या लवकर राजकारणात आलेला दुसरा माणूस बारामतीतही मिळणार नाही.

वहीत नाव लिहिण्याची अट वाटते तेवढी सोपी नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, बायकांनी मतदार यादीसाठी 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच सांगितले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असे ठरवले आणि सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या.

शेवटचा डबा २०२४ चा. इंदापूर ज्यात येते त्या बारामती लोकसभा मतदारसंघात शरद पवारांची लेक सुप्रिया सुळे आणि पवार घराण्याची सून सुनेत्रा पवार, म्हणजे नणंद-भावजय, समोरासमोर उभ्या राहिल्या. यादीत दोघींची स्वतःची नावे होती. प्रचार मात्र लेक की सून यावरच रंगला, आणि लेक दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आली.